तालुक्याच्या स्टँडवर साडेतीन तासाचा लेओव्हर: नवख्यांसाठी मार्गदर्शन

पहिले तर अभिनंदन राजेहो. मुंबईहून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर विमानानं उतरले तुम्ही, पंख्याचं का असेना पण विमान, पावणेदोन तासात अख्खा महाराष्ट्र आडवा कापला, खिडकीतून ढगाचा फोटो काढून स्टेटसले टाकला, आणि आता फक्त मामाचं गाव उरलं. साठेक किलोमीटर असन. म्हणजे अवघड काम विमानानं केलं आणि सोपं तुमच्यासाठी ठेवलं असं तुम्हाले वाटून राहिलं असन, तर वाटू द्या, थोडा वेळ आहे अजून.

तुमची कनेक्टिंग फ्लाइट म्हणजे तालुक्याहून साडेआठले सुटणारी मुक्कामी गाडी. मुक्कामी म्हणजे जे रात्री गावात जाऊन पारापाशी झोपते आणि सकाळी कॉलेजच्या पोरापोरींना घेऊन वापस निघते, तिले झोपायलेच जायचं असते त्यामुळं घाई कशाचीच नसते. आता तालुक्यापर्यंत तुम्ही लवकरच पोचता, कारण अमरावती-अकोला हायवे म्हणजे साधासुधा रस्ता नाही, 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर सलग टाकून गिनीज बुकात गेलेला रस्ता आहे तो. गाडी अशी पळते की बस. फक्त गिनीज बुकाची हद्द फाट्यापर्यंत आहे हे ध्यानात ठेवा. फाट्याहून आत वळले का तुम्ही बुकाच्या बाहेर.

तर पाच वाजता तुम्ही स्टँडवर. आता साडेतीन तासाचं सोनं कसं करायचं ते पाहू.

चाकाची बॅग असन तर ओढू नका, आवारातल्या गिट्टीत चाकं पहिल्या दहा पावलातच सुटतात. डोक्यावर घ्या. लोकं हसतील, पण ते ओढताना पण हसतातच. मग लाउंज पाहा. भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखालचा सिमेंटचा बाक, वर पंखा. पंखा चालू आहे का हे विचारू नका, मे महिन्यात पारा पंचेचाळीसले टेकला का तो चालू असला तरी गरमच हवा फेकते, बंद असला तर तेवढी गरम हवा कमी.

फ्लाइट इन्फर्मेशन चौकशी खिडकीवर मिळते. मी स्वतः मिळवलेली माहिती जशीच्या तशी देतो:

“साडेआठची लागली का जी?”

“लागन ना.”

“किती वाजता?”

“साडेआठची हाय ना ते. आली का लागन.”

याच्या पुढं विचारायचं नसते. मी विचारलं होतं, तर त्या माणसानं माझ्याकडं असं पाहिलं का जसा मीच गाडी घरी नेऊन ठेवली.

इमिग्रेशनची काळजी करू नका, ते बाकावरच होते. शेजारी एक आजी येऊन बसन, कोन्या गावचे, कोनाचे, किती एकर, लग्न झालं का, नाही तर काहून नाही, हे सगळं सात-आठ मिनिटांत उरकन. पासपोर्टच्या ऐवजी आजोबाचं नाव सांगा, ते जास्त चालते. फक्त विमानाचं तिकीट केवढ्याले पडलं ह्या प्रश्नावर सावध राहा. कंपनीनं देलं म्हणा. मी येड्यासारखं खरं सांगितलं, चार हजार. आजी काही बोलली नाही, बोटावर हिशोब केला (2025-26 चा हमीभाव, लांब धाग्याचा, 8110 रुपये क्विंटल, हातात तेवढे पडतात का हा भाग अलग) आणि म्हणे, “म्हंजे अर्धा क्विंटल कापूस उडवला म्हना ना.” त्याच्यानंतर मी खिडकीतल्या ढगाचा फोटो कोणालेच दाखवला नाही.

साइटसीइंगले तासभर काढाच. तालुका शकुंतला रेल्वेच्या वाटेवरचा असन तर स्टँडमागं नॅरोगेजचे रूळ सापडतील, बाभळी बाजूला करा. मुर्तिजापूरहून यवतमाळ 113 किलोमीटर आणि दुसरीकडं अचलपूर 76, इकडचा कापूस मुंबईच्या बंदराले पोचवायले इंग्रजाच्या काळात खाजगी कंपनीनं टाकलेली लाइन. इंजिन 1921 चं, तेही मँचेस्टरचंच, म्हणजे कापूस जिकडं जाणार तिकडूनच त्याले न्यायले इंजिन आलं. ते वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 ले बंद झालं, डिझेल आलं, मग गाडीच बंद झाली. अमरावतीले मुंबईचं विमान सुरू झालं 16 एप्रिल 2025 ले. मी रुळावर बसून हिशोब केला, 31 वर्षं आणि एक दिवस. विकास एक दिवस लेट झाला फक्त. शकुंतला हळू होती म्हणतात, चालत्या गाडीतून उतरून वापस चढता येत होतं म्हणतात, पण चढता येत होतं ना बाप्पा.

भूक लागली तर आलूबोंडा खा, वरून रस्सा टाकून, मिरची वेगळी मागा. याच्यावर थट्टा नाही. विमानात अडीचशे रुपयात जो कोरडा सँडविच मिळते त्याचा सूड इथं पंधरा-वीस रुपयात घेता येते.

बोर्डिंग साडेआठले नाही, नऊ-सव्वानऊले होते, आणि अनाउन्समेंट होत नाही, एकदम सगळे उठून पळतात ती अनाउन्समेंट. पळू नका, जागा तशीही भेटत नाही. तिकिटाचं म्हणाल तर बायांना 17 मार्च 2023 पासून अर्धं, पंच्याहत्तरीच्या वरच्यांना फुकट, आणि विद्यार्थी पासवर. म्हणजे अख्ख्या गाडीत फुल तिकीट काढणारे तुम्ही आणि एखादा रसायन खताचा एजंट. बिझनेस क्लास तुमचाच समजा, फक्त उभा.

आता शेवटचं. फाट्यावर कंडक्टर घंटी मारन आणि म्हणन, पूल खचला, गाडी इथूनच वळन. वाद घालू नका, आजी पण उतरते आहे, पिशवी धरा तिची. पुढं तीन किलोमीटर पायदळ. मोबाइलचा टॉर्च जपून वापरा, कारण अर्ध्या वाटेत मामाचा फोन येन:

“काहून रे, तालुक्याले होता तं सांगायचं ना. आपलं ट्रॅक्टर पाच वाजता तिथूनच रिकामं वापस आलं.”