सीबीएन आणि झोप : एक खुलासा

गांजातील सीबीएन, म्हणजेच कॅनाबिनॉल, हमखास झोप आणते, असा दावा सर्रास केला जातो. त्याला पुरेसा आधार नाही. वनस्पती हे संयुग स्वतः फारसे तयार करत नाही. हवा, उष्णता आणि प्रकाश यांमुळे टीएचसीचे, म्हणजे गांजातील नशा आणणाऱ्या मुख्य घटकाचे, ऑक्सिडीकरण होऊन सीबीएन साठवलेल्या मालात वाढत जाते, आणि जुन्या मालाने गुंगी येते या समजुतीचे श्रेय बहुधा त्यामुळेच त्याला मिळाले असावे. मात्र १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या पाच पुरुषांवरील प्रयोगात गुंगी वाढली ती सीबीएन टीएचसीसोबत दिल्यावर, एकट्या सीबीएनने नव्हे. तरीही उद्योगात ते झोपेचे उत्पादन म्हणून विकले जाते, हे मला ग्राहकावर अन्याय करणारे वाटते. शिवाय काही लघवी-चाचण्यांत सीबीएनमुळेही टीएचसी आढळल्याचा निष्कर्ष येऊ शकतो.