यादी 17 औषधांची, आणि कमोडमध्ये अख्खा डबा?

‘सरकारचा आदेश! एक्सपायर झालेली सगळी औषधं कमोडमध्ये फ्लश करा. मेडिकलवाल्याला देऊ नका, तो नवं लेबल लावून विकतो. गोळ्या कुटून कुंडीत घातल्यास उत्तम खत. शंका असल्यास मेडिकलवाल्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.’

हा मेसेज वाचून सासूबाई औषधांचा डबा घेऊन थेट बाथरूमकडे निघाल्या, म्हणून हे लिहावं लागतंय.

आदेशाचं आधी. मे 2025 मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने, सीडीएससीओने, मार्गदर्शक सूचना काढल्या हे खरं. पण फ्लश करायच्या यादीत औषधं किती? 17. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, डायझेपाम या जातीची, म्हणजे बहुतेक तीव्र वेदनाशामक आणि गुंगी आणणारी. घरातल्या लहान मुलाने चुकून गिळली तर एका डोसातही जीव जाऊ शकतो, शिवाय नशेसाठी कुणी उचलू शकतं, म्हणून नाइलाजाने केलेला हा अपवाद. सासूबाईंच्या डब्यात बीपीच्या गोळ्या, पॅरासिटामॉल आणि अर्धवट सोडलेला अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स. यादीतलं एकही नाही!

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं औषधं गाळण्यासाठी बांधलेली नसतात. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडलं जायचं. त्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं, असं 2007 च्या अभ्यासात आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं. आपला डबा त्यापुढे चिमूटभर, मान्य. पण तो डबा सोसायटीतल्या प्रत्येकाने ओतायचा, असंच मेसेज सांगतोय ना?

कुंडीतल्या खताबद्दल काय बोलणार! अँटिबायोटिक मातीत कालवून तिथल्या जंतूंना त्याची सवय लावायची, आणि वर त्याच मातीतल्या तुळशीची पानं चहात टाकायची.

लेबल बदलून विकण्याचे प्रकार पकडले गेलेत, हे कबूल करावंच लागेल. पण कात्रीने कापलेली चार गोळ्यांची पट्टी कोण विकत घेणार? आणि वर चोर ठरवलेला माणूस शेवटच्या ओळीत सर्वज्ञ कसा होतो?

तो सर्वज्ञ नाही. दुकानातला एक्सपायरी माल वेगळा ठेवून स्टॉकिस्टकडे परत पाठवायचा, हे त्याला पाठ असतं. घरून आलेल्या औषधांचं काय करायचं, हे काउंटरवरच्या पोराला कुणी शिकवलेलंच नसतं. मी विचारलं तेव्हा ‘कचऱ्यात टाका ना मॅडम’ असं उत्तर मिळालं. त्याच्यावर तरी काय चिडणार? राज्याचा औषध विभाग आणि केमिस्टांच्या संघटनांनी मिळून जुनी औषधं परत घेण्याची सोय करावी, असं सीडीएससीओच्या त्याच सूचनांमध्ये सुचवलंय. केरळने कोझिकोडपासून सुरुवातही केली. आपल्या एफडीएला, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला, हा प्रश्न विचारायला हवा.

2016 च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, म्हणून तोवर ती वेगळीच द्यायची. पट्टीवर मार्करने फुली मारा, वेगळ्या पिशवीत बांधा, वर ‘औषधं’ लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. इन्सुलिनच्या सुया मात्र त्या पिशवीत नकोत, त्या जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण घट्ट लावून.