गाडी उठत नाही

पावसाळ्यात सकाळी प्रीमियर पद्मिनीला उठवणं आणि दहावीतल्या पोराला उठवणं, माझ्या लेखी काम एकच. आधी गोडीगुलाबी. चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा हलकेच दाबायचा, मग सेल्फ. उत्साहाच्या भरात पाच-सहादा दाबलात की प्लग ओले, पेट्रोलचा भपकारा आणि ऑफिसला लेटमार्क. मग चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पाय तिथेच ठेवायचा, पुन्हा पुन्हा दाबायचा नाही. हे सांगूनही लोक दाबतातच.

तरी उठत नाही? डेल्को म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं वीज वाटणारी डबी. तिचं झाकण काढून ओल कोरड्या फडक्यानं पुसा, आतल्या पॉइंटमधून, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टिकल्यांमधून, पॉलिश पेपर फिरवा. फट जेमतेम अर्धा मिलिमीटर. शेवटी धक्का: इग्निशन चालू, क्लच दाबलेला, दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडायचा. पहिल्या गिअरमध्ये सोडलात तर गाडी गचकन अडते आणि ढकलणारे शेजारी डिकीवर आपटतात. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेपायी रस्त्यावरून उतरली, तेव्हा हळहळणाऱ्यांत धक्का मारलेले किती होते, ही माझी जुनी शंका.

घाटात निराळीच तऱ्हा. पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. तो तापला की पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती काही ढकलता येत नाही. पंपावर ओलं फडकं, बॉनेट उघडं, आपण चहाला.

नव्या सेडानचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला. चोक नाही, पॉइंट नाही, नुसतं बटण. आणि एक दिवस पडद्यावर उमटतं: चावी सापडत नाही. चावी आपल्या खिशात! आतला रुपयाएवढा सेल संपलेला असतो. रिमोटच्या पोटातल्या लोखंडी चावीनं दार उघडा, ब्रेक दाबा, रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवा. बहुतेक गाड्या ऐकतात, कारण आतल्या चिपला सेल लागत नाही.

बॅटरीच बसली आणि गाडी ऑटोमॅटिक असली, तर मात्र धक्क्याला अख्खी सोसायटी आली तरी व्यर्थ. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्समधला तेलाचा पंप बंद. चाकं फिरतात, इंजिनाला पत्ताच नसतो. मग जंपर केबल. लाल केबल प्लसपासून प्लसपर्यंत. काळीचं एक टोक धडधाकट बॅटरीच्या मायनसला, दुसरं आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला. बॅटरीजवळ ठिणगी नको. समोरची गाडी पद्मिनी असली तरी चालते. १२ व्होल्ट दोघींचेही.