रोब्लिंगचा आजार आणि निकृष्ट पोलादी तार

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंगवरचा लेख आवडला. तो अंथरुणाला खिळल्यावर पत्नी एमिलीने साइट आणि त्याची खोली यांच्यातला दुवा कसा सांभाळला, हे झकास आलंय. पण आजाराचं कारण एका ओळीत उरकलंय.

पायासाठी नदीत तळ नसलेल्या अवाढव्य लाकडी पेट्या, म्हणजे केसॉन, उतरवले होते. पाणी आत शिरू नये आणि मजुरांना आत खणता यावं म्हणून त्यांत दाबाची हवा भरत. पाण्यात दर दहा मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. मॅनहॅटन बाजूची पेटी ७८ फुटांवर (सुमारे २४ मीटर) गेली, म्हणजे सव्वादोन वातावरणांहून अधिक जादा दाब. तिथून माणूस झटकन वर आला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, कधी पाय लुळे पडतात. एअरलॉकमधला (पेटीतून बाहेर येतानाच्या बंद खोलीतला) दाब अगदी सावकाश उतरवणं हाच बचाव, पण तेव्हा तो काही मिनिटांत उतरवत. रोब्लिंग स्वतः सारखा खाली जायचा, १८७२ मध्ये कोसळला. खडक लागण्याआधीच, घट्ट वाळूवर मॅनहॅटनचा पाया थांबवण्याचा निर्णयही त्याचाच. त्यावरचा पुलाचा मनोरा आजही तिथेच उभा आहे!

पूल ज्या जाड दोरांवर टांगलाय, त्यांच्या पोलादी तारेचा घोटाळा तर लेखात नाहीच. तपासून पास झालेली वेटोळी वाटेत बदलून कंत्राटदार निकृष्ट तार पाठवायचा. १८७८ मध्ये हे उघडकीस आलं, तोवर बरीच तार दोरांत गुंफली गेली होती, काढणं अशक्य. रोब्लिंगने मूळ हिशोबात गरजेच्या सहापट ताकद धरली होती. त्याने प्रत्येक दोरात सुमारे १५० चांगल्या तारा वाढवल्या, पाचपट तरी राहिली.