चालिपुळा मोहिमेविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

केरळमधल्या चालिपुळा नदीवरच्या आमच्या जुलैतील कयाकिंग मोहिमेला आपण दोन तारे दिले आहेत. २२ किलोची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) खांद्यावर घेऊन दोन तास जंगलातून चालायला लावले, वर पोहोचल्यावर प्रशिक्षकाने घाबरून पाण्यात उतरू दिले नाही आणि त्याच दुपारी याच नदीवर खाली पुलिक्कयमला मात्र दुसरे गट नदीत होते, असे आपण लिहिले आहे. रजा काढून पुण्याहून कोळिकोडपर्यंत आलेल्या माणसाची निराशा मी समजू शकतो.

तुषारगिरीच्या परिसरात, म्हणजे आपण उतरणार होतो तिथे, चालिपुळा हा तीव्र उताराचा, धोंड्यांनी भरलेला ओढाच आहे. आपण निघालो तेव्हा पाणी नितळ होते. उतरण्याच्या जागी पोहोचलो तेव्हा ते चहासारखे गढूळ झाले होते, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येत होत्या आणि ज्या खडकावरून आम्ही पातळी ओळखतो तो अर्ध्या तासात हातभर बुडाला. आपल्या अंगावर पाऊस नव्हता हे खरे, पण वरच्या वायनाडच्या डोंगरांवर पडलेले पाणी या उतारावरून पाहता पाहता खाली येते. खळाळत्या पाण्याची अवघडता सांगणाऱ्या सहा श्रेणींच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर हा टप्पा आम्ही चौथ्या श्रेणीचा धरतो. पाणी चढले की तोच पाचव्या श्रेणीत जातो, आणि आदल्या दिवशी रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणे) तपासताना गटाची जी तयारी दिसली ती चौथ्या श्रेणीपुरतीच होती. अशा ओढ्यात धोंड्यांच्या फटींतून पाणी निघून जाते, माणूस मात्र तिथेच अडकतो. चढलेल्या पाण्यात त्या फटी दिसत नाहीत, आणि ज्या एडीत, म्हणजे खडकामागच्या संथ पाण्यात, थांबून पुढचा मार्ग बघायचा, त्या एडीही नाहीशा होतात. एकदा उतरल्यावर काठाला लागायला जागा नसते, आणि कुणी जखमी झालेच तर त्याला झोळीत घालून त्याच पायवाटेने रस्त्यापर्यंत आणावे लागते.

म्हणून ‘घाबरून’ हा शब्द मला मान्य नाही. त्या दिवशी प्रशिक्षकाने गटाला उतरू दिले असते, तर मी त्याला पुन्हा कामावर घेतले नसते. पुलिक्कयमला, जिथे २०१३ साली सुरू झालेल्या मलबार रिव्हर फेस्टिव्हलच्या कयाकिंग शर्यती होतात, पात्र रुंद आहे आणि रस्ता जवळ आहे. मदत लगेच पोहोचते. त्या दोन जागांची तुलना होत नाही.

चूक आमची आहे ती वेगळी. माहितीपत्रकात आम्ही ‘थोडी चाल’ एवढेच लिहिले होते. वजन, वेळ आणि निसरड्या पायवाटेचा उल्लेख नव्हता, शिवाय कयाक पाठीवर बांधायचे पट्टे सर्वांना पुरले नाहीत. वरून परतताना कारण नीट समजावून सांगायला कुणी आपल्याजवळ थांबले नाही, याचे मला अधिक वाईट वाटते. त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

माहितीपत्रकात आता या सर्व गोष्टी आणि पाणी चढल्यास वरून परतावे लागेल ही अट, पैसे भरण्याआधी दिसेल अशी घातली आहे. आपल्या शुल्काची निम्मी रक्कम आज परत केली आहे. आपले पॅडल आमच्या तळावर राहिले आहे. ते या आठवड्यात पुण्याच्या पत्त्यावर पाठवतो.