खुडूक कोंबडी आणि तो ‘रामबाण’ मेसेज

महिनाभरात हा मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शेवटी तर माझ्या नणंदेनेच पाठवला, वर ‘वहिनी, तुझ्या भुरीसाठी’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: कोंबडी खुडूक होते (अंडी घालणं थांबवून उबवायला टोपलीत बसून राहते) म्हणजे तिला आतून ताप चढतो. आजीच्या काळचे उपाय करा. दिवसातून तीनदा गार पाण्याच्या बादलीत बुडवून काढा. तिचंच पीस नाकपुड्यांतून आरपार घाला. तीन दिवस डालग्याखाली अंधारात, दाणापाण्याविना झाका. माणसांची तापाची अर्धी गोळी द्या. आणि यातलं काहीच जमलं नाही तर सोडून द्या, २१व्या दिवशी ती आपोआप उठते.

आमच्या परसात नऊ कोंबड्या आहेत, सगळ्या गावठी. वर्षातून तीन-चार वेळा तरी कोणीतरी खुडूक बसतंच. त्यामुळे उत्तर एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी तापाचं. छातीखाली हात घातला तर चटका बसावा इतकी गरम लागते, हे खरं. पण कोंबडीचं रोजचं, धडधाकट अंगच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १०६-१०७. आपल्या हाताला ती एरवीही तापलेलीच लागणार. त्यात खुडूक झाली की छातीपोटाची पिसं झडतात, काही ती स्वतःच उपटते, आणि त्या उघड्या कातडीत रक्त वाढतं. अंड्यांना थेट ऊब मिळावी म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि बसणं सुरू होतं. यात उतरवायचा ताप कुठेच नाही. साठ किलोच्या माणसासाठी केलेली गोळी दीड किलोच्या पाखराच्या चोचीत कोंबायचं कारणही नाही.

आजारी आणि खुडूक यांत फरक ओळखायला मात्र हवा. आजारी कोंबडी मान आखडून, डोळे मिटून बसते. उचलली तरी तिला पर्वा नसते. खुडूक कोंबडी हात जवळ नेला की फुगून दुप्पट होते, घशातून गुरगुरते आणि मनगटावर चोच मारते. भुरी एरवी माझ्या हातावरून कणी खाते. खुडूक असते तेव्हा तिच्यासाठी मी घार असते. दिवसातून एकदा खाली उतरते, घाईघाईत चार दाणे टिपते, लिंबाएवढी दुर्गंधी शीट टाकते आणि ‘खुडुक खुडुक’ करत परत जागेवर. हिरवी पातळ शीट, लुळी मान, मिटलेले डोळे दिसले तर तो मानमोडीसारखा रोग असू शकतो. तिथे घरगुती उपाय नकोत, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

बादलीच्या उपायात सत्याचा एक कण आहे, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला असावा. छातीखालच्या उघड्या कातडीला मिळणारा स्पर्श आणि ऊब यांवर तिचं बसणं टिकून राहतं, त्यामुळे पोट थंड राहिलं तर खुडूक मोडायला मदत होते. पण पोट दिवस-रात्र थंड राहायला हवं. गचकन बुडवून काढलेली कोंबडी अर्ध्या तासात ओल्या पिसांनिशी त्याच टोपलीत जाऊन बसते, आणि कोकणातल्या पावसात ती पिसं वाळता वाळत नाहीत. खुडूक मोडत नाही, वर कोंबडी गारठते.

नाकातल्या पिसाबद्दल मी जपून लिहिते, कारण हे माझ्या सासूबाईंनी केलेलं मी पाहिलंय. पीस खुपसल्यावर कोंबडी मान झटकत, पायाने चोच खाजवत दोन दिवस वेड्यासारखी फिरली. बसायला तिला स्वस्थता मिळाली नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी ते पीस गळून पडलं, आणि संध्याकाळी ती पुन्हा टोपलीत! नाकपुडी सुजली ती निराळीच. सासूबाईंनी त्यानंतर तो प्रकार सोडला. मेसेजमधल्या आजीला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

अंधार आणि उपास हा तर सगळ्यांत उलटा सल्ला. खुडूक कोंबडीला काय हवं असतं? अंधारी, शांत, बंदिस्त जागा. तुम्ही डालगं झाकून नेमकी तीच करून देता. दाणापाणी तर ती आधीच जेमतेम घेत असते. हातात उचलली तरी हलकी लागते. तिला आणखी उपाशी ठेवून वजन उतरवलं की पुन्हा अंड्यावर यायला तेवढाच उशीर.

मी करते ते याच्या उलट. भाजीवाल्यांकडचं जुनं प्लास्टिकचं कॅरेट, ज्याच्या तळाला फटी असतात, ते चार विटांवर ठेवते. आत गवत, भुसा, गोणपाट काही नाही. वर जाळी बांधते, दाणा आणि पाणी बाजूला लावते आणि पडवीत, जिथे उजेड आणि वारा आहे पण ऊन-पाऊस नाही, तिथे तीन-चार दिवस ठेवते. खालून सतत वारा लागतो, ऊब धरून बसायला जागाच राहत नाही. गेल्या खेपेला भुरीला तिसऱ्या दिवशी सोडून पाहिली, तर तडक टोपलीकडे धावली. आणखी एक रात्र कॅरेटमध्ये काढली आणि सकाळी ती बाकीच्यांबरोबर शेणकई उकरायला गेली. अंडं मिळायला पुढे दोनेक आठवडे लागले. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच हालचाल केली तर लवकर सुटते. आठवडाभर ‘बघू, उठेल’ म्हटलं तर तितकीच हट्टी होते.

‘२१व्या दिवशी आपोआप उठते’ याचं उत्तर सोपं आहे: कोंबडी दिवस मोजत नाही. अंड्यातून पिल्लांची चिवचिव ऐकू आली, अंगाखाली वळवळ जाणवली की ती उठते. रिकाम्या टोपलीत किंवा वांझ अंड्यांवर काही कोंबड्या महिन्याहून जास्त बसून राहतात, तुरा फिका पडतो, अंगावर उवा माजतात. परसात कोंबडा नसला तरी कोंबडी खुडूक होते, तेव्हा दुकानातली अंडी खाली सरकवून वाट पाहू नका. फार्मवर अंड्याच्या कोंबड्यांत कोंबडा ठेवतच नाहीत, त्या अंड्यांत जीव धरलेला नसतो.

आता माझी खरी तक्रार. आजीच्या नावाने फिरणाऱ्या या मेसेजात आजीचा पहिला उपायच नाही: तिला बसवा! गिरिराज, वनराज या सुधारित जाती सहसा बसत नाहीत. त्यांची अंडीसुद्धा गावठीच्याच पोटाखाली उबवून घेतात. आमच्याकडे खुडूक झालेली चांगली आई असेल तर सासूबाई म्हणतात, ‘अगं, मोडू नको, अंडी बघ.’ मग आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी निवडायची, फ्रिजमधली नाही. मे महिन्यात तर तीन-चार दिवसांपलीकडची घ्यायची नाहीत, कारण त्या उकाड्यात अंड्यातली वाढ नुसत्या घरात ठेवूनच अर्धवट सुरू होते आणि जीव मरतो. रात्री अंधारात हळूच खाली सरकवायची. सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. ज्यात नुसता उजेड आरपार जातो, ते काढून टाकायचं.

सासूबाई त्या टोपलीत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडाही ठेवतात, वीज कडाडली तरी अंडी नासू नयेत म्हणून. त्याने काही होतं असं मला वाटत नाही. पण कोंबडीला त्याचा काडीचा त्रास नाही, म्हणून मी तो खिळा आजवर काढलेला नाही.