फोन करू नका म्हणे!

"त्याला आता कोणी फोन करू नका. घरची आठवण काढून दिली की काम होत नाही." दादाचा हा हुकूम ग्रुपवर आला तेव्हा इंदूरला पोह्यांवर शेव पडत असणार. मी इथे, अमेरिकेत युटाला, कॉस्टकोचं सामान फ्रीजमध्ये कोंबत होते. हातातलं दही तसंच राहिलं.

'तो' म्हणजे दादाचा मुलगा, माझा भाचा. तेवीस वर्षांचा. इंजिनिअर झाला, नोकरी लागत होती, ती सोडून अरुणाचलात एका संस्थेच्या शाळेत पूर्णवेळ शिकवायला गेला. सहा महिने झाले. आधी घरात रडारड, मग एकदम अभिमान, आणि आता हे. काकांनी लगेच समर्थांना मध्ये आणलं: बोहल्यावरून पळालेल्या मुलाला कोणी व्हिडिओ कॉल केला होता का? त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी लिहिलं, काका, तेच समर्थ चोवीस वर्षांनी जांबेला आईला भेटायला परत आले आणि तोवर तिची दृष्टी गेली होती, हेही आपण कीर्तनातच ऐकलंय ना? यावर एकही हात जोडला गेला नाही.

मग मी माझ्या शेजारणीची गोष्ट सांगितली, आणि तिथेच चुकलं. ते मॉर्मन चर्चचे. तिचा थोरला ब्राझीलला मिशनवर, म्हणजे दोन वर्षं धर्मप्रचाराला, गेलाय. 'मिशनरी' हा शब्द वाचताच मावशी उसळली, "म्हणजे ते बाटवणारे?" मध्य प्रदेशात हा शब्द साधा नाही. मिशनऱ्यांवरचा १९५६चा नियोगी समितीचा अहवाल, धर्मांतरावरचा १९६८चा कायदा, सगळं घराघरांत मुरलंय. हो मावशी, तो धर्म सांगायलाच गेलाय. त्याचा धर्म मला नको आहे, मला त्याच्या आईचा सोमवार हवा आहे. आणि इंदूरच्या ज्या ख्रिश्चन कॉलेजात मी शिकले, किशोरकुमारच्या कॅन्टीनच्या उधारीचे किस्से आपण ज्याच्या नावाने सांगतो, ते १८८७ साली कॅनडाच्या मिशनऱ्यांनीच काढलं. त्यांच्याही आया असतील. बोटीने येणाऱ्या पत्रांची वाट दोन्हीकडे बघितली जात असेल.

शेजारणीचा सोमवार म्हणजे मुलाचा पी-डे, प्रिपरेशन डे, आठवड्याची तयारी करायचा दिवस. तो कपडे धुतो, बाजारहाट करतो आणि घरी फोन लावतो. एकदा मी लिंबाचं लोणचं द्यायला गेले तेव्हा फोन चालू होता. टॅबलेट सीरिअलच्या खोक्याला टेकवलेला. बाप सायकलच्या चेनचं विचारत होता, धाकटी कुत्र्याचा पंजा पडद्यासमोर नाचवत होती. तो मध्येच इंग्रजी शब्द विसरून पोर्तुगीज बोलायचा आणि सगळे हसायचे. आई फारसं बोलली नाही. "शर्टाची कॉलर फाटलीय, दुसरा घाल," एवढंच. फोन ठेवल्यावर ती पाच मिनिटं सिंककडे तोंड करून उभी राहिली, मग माझ्या लोणच्याचा वास घेतला आणि झाकण लावून टाकलं.

पूर्वी त्यांच्याकडेही दादाचाच कायदा होता. ईमेल आठवड्याला, पण फोन वर्षातून दोनदा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. फेब्रुवारी २०१९मध्ये चर्चने तो बदलला. आता दर आठवड्याला बोला म्हणतात. म्हणून पोरं काही बॅगा भरून परत येत सुटली नाहीत. इथल्या विमानतळावर फुगे घेऊन उभी असलेली कुटुंबं मी दर खेपेला बघते. मुलगे बहुतेक दोन वर्षं पुरी करूनच येतात. मिशनच्या खर्चाचे महिन्याला ५०० डॉलरही घरचे भरतात, आणि वर आठवणही काढतात. आपल्याकडे त्याग म्हटला की आधी आईचा फोन तोडायचा. हा कुठला हिशोब? मी ग्रुपवर असं बरंच लिहिलं. जरा जास्तच लिहिलं. "आमच्याकडे" हा शब्द मी युटासाठी वापरला, तो दादाने बरोबर पकडला.

उत्तर वहिनीने दिलं. ती ग्रुपवर कधी बोलत नाही. "ताई, त्यांचा मुलगा चोवीस महिन्यांनी येणार हे त्या बाईला माहीत आहे. भिंतीवर कॅलेंडर लावता येतं. मी काय लावू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विषय नेटवर्कवर नेला, अरुणाचलात तेजू गावाच्या पुढे सिग्नल मिळत नसेल वगैरे.

मी २००६ साली निघाले तेव्हा 'दोन वर्षांसाठी' निघाले होते. अवंतिका एक्सप्रेसच्या खिडकीतून आईने पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याची पुडी दिली आणि म्हणाली, दोन वर्षं काय, अशी जातील. दर शनिवारी रात्री मी फोन करते, तिथे रविवारची सकाळ असते. जेवलीस का, बर्फ पडला का, मुलगी मराठी बोलते का. पूर्वी शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा: कधी येतेस? यायचं म्हणजे सुट्टीला नव्हे. घर घेतलं त्या वर्षी तिने तो विचारणं सोडलं. मला तेव्हा इतकं हलकं वाटलं की मी त्या आठवड्यात दोनदा फोन केला.

काल वहिनीचा वेगळा मेसेज आला. फोन करते म्हणाली, दादाला न सांगता, पण बोलू काय? मी सविस्तर लिहिलं. शाळेतल्या पोरांची नावं विचार. शेव पोहोचली का विचार. सराफ्यात खाण्याचं कुठलं दुकान बंद झालं ते सांग, त्याला राग येईल, येऊ दे. कॉलर बघ. शेवटी लिहिलं, 'कधी येतोस' एवढं मात्र विचारू नकोस.

मग पाठवायच्या आधी ती ओळ पुसली.